वराहांच्या खाद्यातील प्रथिने कमी केल्यास वाढीवर आणि मलमूत्रावर होणारा परिणाम

वराहपालनात एकूण खर्चापैकी साधारण दोन तृतीयांश खर्च खाद्यावर होतो आणि खाद्यात मोठा खर्च पेंडीवर होतो. सोयाबीन पेंडीचा भाव चढला की पेंड कमी करण्याचा विचार प्रत्येक वराहपालकाच्या मनात येतो. दुसरीकडे वस्ती गोठ्याच्या जवळ येऊ लागली की वासाच्या तक्रारी ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचतात. या दोन्ही अडचणींचे मूळ बऱ्याच अंशी एकच आहे. जनावराला वापरता येत नाहीत एवढी प्रथिने आपण खाऊ घालतो. त्यांचे पैसे आपण भरतो आणि ती मूत्रावाटे गोठ्यात परत येतात.

मात्र प्रथिने कमी करण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांचे परिणाम एकमेकांच्या उलट होतात. नुसती पेंड काढून तिच्या जागी मका किंवा कोंडा घातला तर वाढ खुंटते आणि चरबी वाढते. पेंड मर्यादित प्रमाणात कमी करून कमी पडणारे अमिनो आम्ल, मुख्यतः लायसिन, वेगळे दिले तर वाढ तेवढीच राहते, खर्च कमी होतो आणि मलमूत्रातील नत्र घटते. या लेखात दुसऱ्या मार्गाची माहिती दिली आहे.

पोत्यावरील टक्केवारी काय सांगते?

खाद्याच्या पोत्यावर लिहिलेले क्रूड प्रोटीन हे प्रत्यक्ष प्रथिने मोजून काढलेले नसते. प्रयोगशाळेत खाद्यातील नत्र मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात, कारण प्रथिनांमध्ये सरासरी 16 टक्के नत्र असते. त्यामुळे नत्र कोठूनही आलेले असले तरी ते प्रथिने म्हणून दिसते. पेंडीत युरियाची भेसळ केल्यास प्रथिनांचा आकडा वाढतो तो यामुळेच. गाई-म्हशी पोटातील जिवाणूंच्या मदतीने थोडाफार युरिया वापरू शकतात, वराह वापरू शकत नाही. म्हणून अनोळखी ठिकाणची स्वस्त पेंड घेताना प्रथिनांबरोबर युरियाचीही तपासणी करून घ्यावी.

वराहाला प्रत्यक्षात गरज असते ती अमिनो आम्लांची. त्यातील काही त्याचे शरीर तयार करू शकत नाही, ती खाद्यातूनच मिळावी लागतात. मका, ज्वारी, गहू, तांदळाची कणी अशा धान्यांवर आधारित खाद्यात सर्वांत आधी कमी पडते ते लायसिन. त्यानंतर थ्रिओनिन, मिथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन यांचा क्रम लागतो. मांस तयार होणे हे घर बांधण्यासारखे आहे. विटा ढीगभर असल्या तरी सिमेंट संपले की काम थांबते. फरक एवढाच की उरलेल्या विटा पुढच्या वर्षी वापरता येतात, उरलेली अमिनो आम्ले शरीर साठवून ठेवत नाही. यकृतात त्यांचे विघटन होते, त्यातील नत्राचा युरिया बनतो आणि तो मूत्रातून बाहेर पडतो. हे काम करायलाही ऊर्जा लागते आणि युरिया बाहेर टाकण्यासाठी जनावर जास्त पाणी पिते.

वाढत्या वराहाने खाल्लेल्या नत्रापैकी साधारण एक तृतीयांशच शरीरात टिकते. उरलेल्यापैकी मोठा वाटा मूत्रात आणि लहान वाटा विष्ठेत जातो. विष्ठेतील नत्र हे मुख्यतः न पचलेले प्रथिन असते. मूत्रातील नत्र हे पचलेले, रक्तात गेलेले, पण उपयोगात न आलेले असते. खाद्यातील बदलाने आपण कमी करू शकतो ते मुख्यतः हे मूत्रातील नत्र.

नुसती पेंड कमी केल्यास काय होते?

लायसिन कमी पडले की मांस तयार होण्याचा वेग मंदावतो, पण मक्यातून मिळणारी ऊर्जा तशीच येत राहते. ती चरबीच्या रूपाने साठते. पाठीवरील चरबीचा थर जाड होतो. एक किलो वजनवाढीसाठी लागणारे खाद्य वाढते, कारण चरबी तयार करण्यास मांसापेक्षा जास्त ऊर्जा लागते. प्रथिनांची कमतरता थोडी असेल तर जनावर जास्त खाऊन ती भरून काढण्याचा प्रयत्न करते. त्यामुळे सुरुवातीला सर्व ठीक चालले आहे असे वाटते. विक्रीचे वजन गाठायला तीन-चार आठवडे जास्त लागले की पेंडीत वाचलेले पैसे मक्यात गेलेले असतात. पिलांमध्ये हे नुकसान लवकर दिसते. केस राठ होतात, एकाच वेतातील पिले लहान-मोठी दिसू लागतात.

लायसिनसह प्रथिने कमी करण्याची पद्धत

मका आणि सोयाबीन पेंड यांवर आधारित खाद्यासाठी एक जुना, सोपा आणि भरवशाचा हिशेब आहे. 100 किलो खाद्यात 5 किलो सोयाबीन पेंड काढावी आणि त्या जागी 4 किलो 850 ग्रॅम मका व 150 ग्रॅम एल-लायसिन हायड्रोक्लोराइड घालावे. यामुळे क्रूड प्रोटीन जवळजवळ 2 टक्क्यांनी उतरते, पण लायसिन जवळपास तेवढेच राहते. या मर्यादेपर्यंत इतर अमिनो आम्ले वेगळी देण्याची गरज सहसा पडत नाही.

25 ते 50 किलो वजनाच्या संकरित वराहांसाठी 100 किलो खाद्याचे उदाहरण पाहू.

नेहमीचे मिश्रण: मका भरडा 62 किलो, सोयाबीन पेंड 23 किलो, गव्हाचा कोंडा 12 किलो, खनिज मिश्रण 2.5 किलो, मीठ 0.5 किलो. यात प्रथिने सुमारे 17.8 टक्के आणि लायसिन सुमारे 0.89 टक्के.

कमी प्रथिनांचे मिश्रण: मका भरडा 66.85 किलो, सोयाबीन पेंड 18 किलो, गव्हाचा कोंडा 12 किलो, खनिज मिश्रण 2.5 किलो, मीठ 0.5 किलो, लायसिन 150 ग्रॅम. यात प्रथिने सुमारे 16.1 टक्के आणि लायसिन सुमारे 0.88 टक्के.

50 किलोच्या पुढे वराहाची लायसिनची गरज टक्केवारीने कमी होत जाते. तेव्हा मका 69.85, सोयाबीन पेंड 12, कोंडा 15, खनिज मिश्रण 2.5, मीठ 0.5 किलो आणि लायसिन 150 ग्रॅम असे मिश्रण देता येते. यात प्रथिने सुमारे 14 टक्के राहतात.

ही आकडेमोड पेंडीत 46 टक्के प्रथिने धरून केली आहे. आपल्या पेंडीत 42 टक्केच असतील तर सगळा हिशेब बदलतो, म्हणून पेंडीच्या प्रत्येक मोठ्या खेपेची तपासणी करणे परवडते. खनिज मिश्रण वराहांसाठीचे आणि जीवनसत्त्वे असलेले घ्यावे.

बाजारात लायसिन दोन रूपांत मिळते. हायड्रोक्लोराइड प्रकारात सुमारे 78 टक्के शुद्ध लायसिन असते. सल्फेट प्रकारात, पोत्यावर 70 टक्के लिहिलेले असले तरी, शुद्ध लायसिन सुमारे 55 टक्केच असते. त्यामुळे 150 ग्रॅमऐवजी सुमारे 215 ग्रॅम घालावे लागते. दोन्हींच्या दरांची तुलना करताना शुद्ध लायसिनचा दर काढून तुलना करावी.

150 ग्रॅम पावडर 100 किलोत थेट टाकली तर ती सारखी मिसळत नाही. आधी ती एक किलो बारीक मक्याच्या पिठात, मग ते पाच किलो भरड्यात आणि शेवटी संपूर्ण खाद्यात मिसळावे. फावड्याने मिसळत असल्यास ढीग किमान चार-पाच वेळा पालटावा. ही पायरी टाळली तर काही जनावरांना लायसिन जास्त आणि काहींना अजिबात नाही, असे होते.

खर्चाचा हिशेब स्वतः मांडावा. पेंड 45 रुपये, मका 24 रुपये आणि लायसिन 180 रुपये किलो धरले तर 5 किलो पेंडीचे 225 रुपये वाचतात आणि मका व लायसिन मिळून सुमारे 143 रुपये लागतात. 100 किलो खाद्यामागे बचत सुमारे 82 रुपये. हे दर फक्त पद्धत समजण्यासाठी घेतले आहेत. पेंड स्वस्त आणि मका महाग असेल त्या महिन्यात बचत जवळजवळ शून्यावर येऊ शकते. तेव्हा हा बदल फक्त वास आणि अमोनिया कमी करण्यासाठी करायचा का, हे ज्याने त्याने ठरवावे.

कोठे थांबावे?

2 टक्क्यांपर्यंतची कपात फक्त लायसिनवर भागते. 3 ते 4 टक्के कपात करायची असल्यास थ्रिओनिन, मिथिओनिन आणि ट्रिप्टोफॅनही घालावे लागतात आणि ते पशुआहार तज्ज्ञाकडून सूत्र बनवून घेऊनच करावे. त्याहून खाली गेल्यास व्हॅलिन आणि आयसोल्युसिन कमी पडू लागतात. सर्व अमिनो आम्ले भरून दिली तरीही वाढ मागे पडल्याचे अनेकदा आढळते. लहान आणि मध्यम वराहपालकाने 2 टक्क्यांवर थांबणेच शहाणपणाचे आहे. सर्वांत मोठा फायदा या पहिल्या टप्प्यातच मिळतो.

वरील हिशेब शेंगदाणा पेंडीला जसाच्या तसा लावू नये. शेंगदाणा पेंडीत प्रथिने सोयाबीन पेंडीच्या जवळपास असली तरी लायसिन जवळजवळ निम्मेच असते. अशा खाद्यात आधीच लायसिनची कमतरता असते. तेथे पेंड न काढता लायसिन घातल्यास वाढ सुधारते. बुरशीजन्य विषाचा, म्हणजे अफलाटॉक्सिनचा, धोका शेंगदाणा पेंडीत जास्त असतो हेही लक्षात ठेवावे.

इथेनॉल प्रकल्पांतून येणारे मक्याचे डीडीजीएस स्वस्त मिळते म्हणून वापर वाढतो आहे. त्यात प्रथिने 27 टक्क्यांच्या आसपास, पण लायसिन फार कमी आणि वाळवताना जास्त उष्णता लागली असल्यास त्यातलेही पुरते न पचणारे. पोत्यावरील प्रथिने जुळवण्यासाठी डीडीजीएस भरले तर वाढ कमी आणि मूत्रातील नत्र जास्त, असा दुहेरी तोटा होतो. गडद तपकिरी, करपट वासाचा माल घेऊ नये.

विदर्भ-मराठवाड्यात घरचे सोयाबीन असते, म्हणून ते कच्चेच भरडून देण्याकडे कल असतो. कच्च्या सोयाबीनमधील ट्रिप्सिनरोधक घटक प्रथिनांचे पचन अडवतात. ते भाजून किंवा उकडूनच द्यावे.

वयानुसार खाद्य बदलणे

लायसिन विकत आणण्याआधी करण्यासारखी एक गोष्ट आहे आणि तिला काहीच खर्च येत नाही. अनेक गोठ्यांत दूध तुटल्यापासून विक्रीपर्यंत एकच खाद्य दिले जाते. 70 किलोचे वराह दिवसाला अडीच किलो खाद्य खाते असे धरू. त्याला 15 टक्के पुरेसे असताना 18 टक्क्यांचे खाद्य दिले तर रोज 75 ग्रॅम प्रथिने, म्हणजे 12 ग्रॅम नत्र, विनाकारण मूत्रात जाते. वजनानुसार कप्पे वेगळे करून किमान दोन खाद्ये ठेवली, एक 50 किलोपर्यंत आणि दुसरे त्यापुढे, तरी मोठा फरक पडतो.

गोव्यातील आगोंदा गोअन यांसारख्या स्थानिक जातींची वाढ लार्ज व्हाइट यॉर्कशायर किंवा लँड्रेसच्या संकरांपेक्षा सावकाश असते. त्यांची प्रथिनांची गरजही कमी असते. संकरित जनावरांचे जास्त प्रथिनांचे खाद्य त्यांना दिल्याने ती लवकर वाढत नाहीत.

दूध तुटलेल्या पिलांचे थोडे वेगळे आहे. त्यांची पचनशक्ती अपुरी असते. न पचलेली प्रथिने मोठ्या आतड्यात जाऊन जिवाणूंच्या हाती पडतात आणि हगवण सुरू होते. युरोपीय संघात पिलांच्या हगवणीवर औषधी प्रमाणात झिंक ऑक्साइड देणे जून 2022 पासून बंद झाले. त्यानंतर तेथे पिलांच्या खाद्यातील प्रथिने 18-19 टक्क्यांपर्यंत उतरवून अमिनो आम्ले भरण्यावर भर वाढला. यात पहिले एक-दोन आठवडे वजनवाढ किंचित कमी दिसू शकते, ती पुढे भरून निघते. परंतु पिलांना लायसिनबरोबर इतर अमिनो आम्लेही लागतात. त्यामुळे घरी पेंड कमी करण्याचा प्रयोग पिलांवर करू नये, तयार पिलू-खाद्य घ्यावे.

पिले पाजणाऱ्या मादीच्या खाद्यातील प्रथिने कमी करू नयेत. दुधासाठी कमी पडलेली प्रथिने ती स्वतःच्या शरीरातून काढते आणि पुढच्या वेळी माजावर उशिरा येते.

मलमूत्रात काय बदलते?

वरील उदाहरणातील वराह दिवसाला 2 किलो खाद्य खाते आणि 600 ग्रॅम वाढते असे धरू. नेहमीच्या खाद्यातून त्याला 57 ग्रॅम नत्र मिळते, कमी प्रथिनांच्या खाद्यातून सुमारे 51.5 ग्रॅम. दोन्ही वेळा शरीरात सुमारे 15 ग्रॅम राहते. म्हणजे बाहेर पडणारे नत्र 42 वरून 36.5 ग्रॅमवर येते, सुमारे 13 टक्के घट. जगभरातील चाचण्यांतूनही प्रथिने 1 टक्क्याने कमी केल्यास उत्सर्जित नत्र साधारण 8 ते 10 टक्क्यांनी घटते असेच दिसते. अमोनियातही साधारण एवढीच किंवा थोडी जास्त घट होते. पशुपालनातून होणारे प्रदूषण कमी करण्यासाठी युरोपीय संघाने 2017 मध्ये शिफारस केलेल्या उपायांत खाद्यातील प्रथिने कमी करण्याचा समावेश आहे.

मूत्रातील युरियापासून थेट वास येत नाही. विष्ठेतील जिवाणूंकडे युरिएज हे विकर असते. मूत्र आणि विष्ठा ओल्या जमिनीवर एकत्र आली की काही तासांतच युरियाचा अमोनिया होऊ लागतो. उष्णता वाढली की वेग वाढतो. अमोनियाचे प्रमाण हवेत 25 पीपीएमच्या वर गेले की खोकला, डोळ्यांतून पाणी आणि फुप्फुसाचे आजार वाढतात. रोज गोठ्यात राहणाऱ्या माणसाच्या नाकाला सवय होते, त्यामुळे त्याला ते जाणवत नाही. बाहेरून आलेल्या माणसाला विचारावे. त्याचे डोळे चुरचुरले तर प्रमाण जास्त आहे.

वासाबाबत जास्त अपेक्षा ठेवू नये. अमोनिया निश्चित घटतो. पण शेजाऱ्यांना त्रास देणारा उग्र वास स्कॅटोल, गंधकयुक्त वायू आणि सेंद्रिय आम्ले यांचाही असतो, आणि तो खाद्यबदलाने कधी कमी होतो, कधी फारसा होत नाही. फरशीला उतार देऊन मूत्र लगेच वेगळे वाहून नेणे आणि विष्ठा रोज कोरडी उचलणे याला पर्याय नाही. पाण्याचा वापर मात्र कमी होतो. जनावरे कमी पाणी पितात, मूत्र कमी होते, खड्डा उशिरा भरतो. पाणीटंचाईच्या भागात हा फायदा लहान नाही.

आहारात हिरवा चारा, रताळ्याचे वेल किंवा कोंडा असल्यास मोठ्या आतड्यातील जिवाणू काही नत्र स्वतःच्या वाढीसाठी वापरतात. ते मूत्राऐवजी विष्ठेतून बाहेर येते आणि सहज उडून जात नाही.

खत कमकुवत होते का?

शेतकऱ्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. 50 वराहांमागे 100 दिवसांत वरील हिशेबाने सुमारे 27 किलो नत्र कमी बाहेर पडते. युरियाच्या भाषेत सुमारे 60 किलो, म्हणजे 45 किलोच्या सव्वा गोणीपेक्षा थोडे जास्त. ऐकायला हे नुकसान वाटते. पण कमी झालेले नत्र मूत्रातील आहे. उघड्या खड्ड्यात साठवल्यावर आणि शेतात पसरल्यावर यातलाच मोठा भाग हवेत उडून जात असतो. विष्ठेतील सेंद्रिय नत्र, जे जमिनीत सावकाश उपलब्ध होते, ते फारसे घटत नाही. पेंडीतून पीक पोसणे हा सर्वांत महाग मार्ग आहे.

खतामध्ये एक बदल लक्षात ठेवावा. नत्र घटते, स्फुरद मात्र फारसे घटत नाही. त्यामुळे नत्राच्या हिशेबाने खताची मात्रा काढल्यास स्फुरद जास्त पडते. वर्षानुवर्षे त्याच तुकड्यात वराहखत टाकत असाल तर माती परीक्षणात स्फुरद पाहून रासायनिक स्फुरद कमी करावे. खाद्यात फायटेज विकर वापरल्यास धान्यातील बांधलेले स्फुरद पचते आणि मलातील स्फुरदही घटते, मात्र त्यासाठी खनिज मिश्रणाचे प्रमाण तज्ज्ञाला विचारून बदलावे.

कंपोस्ट करताना ताज्या वराहविष्ठेत कर्बाच्या मानाने नत्र जास्त असते. भाताचे तूस, पाचट, वाळलेला पालापाचोळा मिसळून कर्ब-नत्र गुणोत्तर 25 ते 30 पर्यंत न्यावे लागते. कमी प्रथिनांच्या खाद्यावरील विष्ठेला असा काडीकचरा थोडा कमी पुरतो. कच्चे वराहखत भाजीपाल्याला देऊ नये.

हॉटेलमधील उरलेल्या अन्नावर वराह असल्यास

शहरांलगतच्या अनेक गोठ्यांचा मुख्य आहार हाच असतो. त्यातील प्रथिने रोज बदलतात. भात-पोळी जास्त असेल तर लायसिन कमी पडते, मांस-मासळीचे अवशेष जास्त असतील तर प्रथिने गरजेपेक्षा वाढतात. अशा ठिकाणी टक्केवारीचा हिशेब लागत नाही. वजनवाढ पाहूनच पेंडीचे प्रमाण ठरवावे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर 2020 पासून भारतात आहे. त्यामुळे असे अन्न सतत ढवळत किमान 90 अंश सेल्सिअसवर तासभर उकळल्याशिवाय देऊ नये.

स्वतःच्या गोठ्यात तपासून पाहणे

एकाच वयाच्या, सारख्या वजनाच्या जनावरांचे दोन कप्पे करावेत. नर आणि मादी दोन्हींत सारख्या प्रमाणात ठेवावेत. एका कप्प्याला नेहमीचे आणि दुसऱ्याला लायसिनचे खाद्य किमान 45 दिवस द्यावे. दिलेले खाद्य रोज लिहावे आणि दर 15 दिवसांनी वजन घ्यावे. काटा नसेल तर टेपने पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर आणि दोन कानांच्या मधल्या भागापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी मीटरमध्ये मोजावी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, त्याला 69.3 ने गुणले की अंदाजे वजन किलोमध्ये मिळते. उदाहरणार्थ, घेर 0.9 मीटर आणि लांबी 1 मीटर असल्यास वजन सुमारे 56 किलो येते.

दुसऱ्या कप्प्यातील वजनवाढ मागे पडली तर आधी लायसिन नीट मिसळले गेले का ते पाहावे, नंतर पेंडीतील प्रथिने तपासावीत. वजनवाढ सारखी पण चरबी जास्त दिसत असेल तर शेवटच्या महिन्यात मका दोन-तीन किलोंनी कमी करून तेवढा कोंडा वाढवावा. पेंडीच्या जागी मका आल्याने खाद्यातील उपयोगी ऊर्जा थोडी वाढलेली असते, ती यामुळे आटोक्यात येते.